'साठी बुद्धी नाठी' म्हणत आणखी किती बायका मोडीत काढणार?

सुरुवात आमच्याच चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक आजी आल्या. वय सत्तरीच्या पुढचं. शेजारच्या बाईंनी हाताला धरून आणलं होतं. तक्रार सरळ होती. सून उपाशी ठेवते, तिनं पाटल्या चोरल्या, लुगड्याच्या घडीत ठेवलेले पैसेही काढून घेतले. बोलताना आजींचा आवाज थरथरत होता, डोळ्यांना पदर लागला होता. आम्ही दोघी कार्यकर्त्या पेटून उठलो. दुसऱ्याच दिवशी सुनेला बोलावून घेतलं आणि तासभर सुनावलं. बाईनंच बाईचा छळ करावा का, उद्या तूही म्हातारी होणार आहेस, वगैरे वगैरे. सून एवढंच म्हणाली, "ताई, इथं यायच्या आधी त्या दोन भाकऱ्या खाऊन आल्या होत्या. अर्धा तासपण झाला नव्हता." आम्हाला वाटलं, उडवाउडवी करते आहे. सासूला दोन वेळा पोटभर जेवायला देईन, असं हमीपत्र तिच्याकडून लिहून घेतलं. केस निकाली काढली. त्या महिन्याच्या अहवालात 'यशस्वी हस्तक्षेप' म्हणून तिची नोंदसुद्धा झाली.

सहा-सात महिन्यांनी त्याच आजी एस.टी. स्टँडवर सापडल्या. माहेरच्या गावी निघाल्या होत्या. आई वाट बघतेय म्हणत होत्या. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मग कुठे दवाखाना, तपासण्या झाल्या आणि कळलं की आजींना स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार. पाटल्या पुढे पिठाच्या डब्यात सापडल्या, आजींनी स्वतःच लपवलेल्या. सुनेनं चोरी केली नव्हती, उपाशीही ठेवलं नव्हतं. उलट दोन वर्षं ती एकटी रात्र रात्र जागत होती आणि दिवसा गल्लीची बोलणी खात होती. त्या बोलण्यांत आम्ही संघटनेच्या लेटरहेडवर भर घातली.

आम्ही सुनेची माफी मागितली. पण ते हमीपत्र अजून आमच्या फायलीत आहे. ते मी फाडू दिलेलं नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. हुंडा, मारहाण, पोटगी, सातबारा या सगळ्यांवर आम्ही प्रशिक्षणं घेतली, पुस्तिका काढल्या, पथनाट्यं केली. मी स्वतः समाजकार्यात एम.ए. केलं. पण म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात काय चाललंय, हे ओळखायला आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि शिकायला हवं असं आम्हालाही वाटलं नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण समाजाची आहे, पण ती आपणही गिळून बसलो आहोत. माझा आरोप पहिल्यांदा आपल्यावर आहे.

हा आजार आहे, वय नव्हे

आधी आजाराबद्दल चार गोष्टी स्पष्ट करू. वयानुसार विसरायला होतं हे खरं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव चटकन ओठावर येत नाही. पण नंतर ते आठवतं आणि माणूस आपलं रोजचं आयुष्य चालवत राहतो. स्मृतिभ्रंशात तसं होत नाही. किल्ली कुठे ठेवली हे तर विसरतंच, पण पुढे पुढे किल्लीचं करायचं काय हेही कळेनासं होतं. आठवण, भाषा, हिशेब, दिशा, निर्णय यांतलं बरंच काही हळूहळू ढासळत जातं आणि रोजची कामं स्वतःची स्वतः करता येत नाहीत. रोजची कामं अडायला लागणं, ही त्यातली मुख्य खूण. या दोन्हींच्या मधलीही एक अवस्था असते. विसरणं वयाच्या मानानं जास्त असतं, तपासणीत दिसतं, पण रोजचं काम निभतं. अशी सगळीच माणसं पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात असं नाही. पण त्यांच्यावर लक्ष मात्र ठेवायला हवं.

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नव्हे, ते लक्षणांच्या एका गटाचं नाव आहे. त्यामागे सगळ्यात जास्त आढळतो तो अल्झायमर. दुसरं मोठं कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, पक्षाघाताचे लहानमोठे झटके. आणखीही काही प्रकार आहेत. एकात आधी स्मरणशक्ती जात नाही, स्वभावच बदलतो. दुसऱ्यात नसलेली माणसं दिसायला लागतात. आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात ते सांगायला नको. 'बाहेरचं' झालं, भूत लागलं, देवऋषी बोलवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे. आपल्या कार्यकर्त्यांना हा कायदा माहीत आहे. अशा एखाद्या बाईला भुताऐवजी आजार असू शकतो, हे मात्र कितीजणींना सुचतं?

अल्झायमर हे नाव एका जर्मन डॉक्टरचं. पण ज्या रुग्णावरून तो आजार जगाला कळला ती एक बाई होती, ऑगस्ट डेटर. १९०१ साली वयाच्या ५१ व्या वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात तिला दाखल केलं गेलं. तिच्यात दिसलेलं पहिलं ठळक लक्षण होतं नवऱ्याविषयीचा संशय. स्वतःचं नाव लिही म्हटलं तर तिला ते पुरं लिहिता येईना. १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी डॉ. अल्झायमरनं तिच्या मेंदूतले बदल इतर डॉक्टरांपुढे मांडले आणि १९१० मध्ये आजाराला त्याचं नाव मिळालं. संशय हे पहिलं लक्षण असू शकतं, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. आमच्या केंद्रात ती आम्हाला ठाऊक नव्हती.

नवऱ्याचं विसरणं बँकेत दिसतं, बायकोचं स्वयंपाकघरात

गेल्या काही वर्षांत मी जी घरं पाहिली त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पुरुषाचं विसरणं घराबाहेर दिसतं. बँकेत सही जुळत नाही, पेन्शनचा कागद हरवतो, ओळखीच्या रस्त्यावर स्कूटर चुकते. लोक सांगत घरी येतात आणि आठवड्याभरात त्याला डॉक्टरकडे नेतात. बाईचं विसरणं दिसतं स्वयंपाकघरात. आमटीत दोनदा मीठ पडतं, दूध उतू जातं, गॅस चालू राहतो, पन्नास वर्षं हातात बसलेली पुरणपोळी अचानक जमेनाशी होते. यावर डॉक्टर नाही, बोलणी मिळतात. 'लक्ष कुठं असतं?' 'हल्ली आळशी झालीस.' 'मुद्दाम करते, सुनेला कमीपणा आणायला.' आणि एक दिवस तिच्या हातून स्वयंपाक काढून घेतात. त्याला 'आता आराम करा' असं म्हणतात. जन्मभर तिला माणूस म्हणून नाही, काम करणारे दोन हात म्हणून मोजलं. ते हात चुकायला लागले तेव्हा त्यामागे एक मेंदू आहे आणि तो आजारी असू शकतो, हे घराला सुचतच नाही.

आता आकडे बघा. भारतातल्या वृद्धांच्या एका देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठी ओलांडलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के, बायकांत ९ टक्के. शहरांत ५.३ टक्के, खेड्यांत ८.४ टक्के. 'हे शहरातल्या सुखवस्तू घरांचं दुखणं' असं आपल्या बैठकीत म्हणणाऱ्यांनी शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचावेत.

मेंदूवर कुणी घाव घातले?

बायकांत प्रमाण जास्त का? बायका जास्त वर्षं जगतात हे एक कारण सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. पण त्याच अभ्यासात शिक्षणाशी असलेला संबंधही स्पष्ट दिसतो. जितकं शिक्षण कमी तितका धोका जास्त. लहानपणी शिकलेला मेंदू म्हातारपणी होणारी झीज जास्त काळ सोसू शकतो, असं तज्ज्ञ सांगतात. आज जी बाई सत्तर-पंच्याहत्तरीची आहे, तिचं शाळेचं वय कधी होतं? १९६१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांमध्ये साक्षरतेचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं, पुरुषांत ४० टक्के. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, तरी शंभर वर्षांनंतरसुद्धा या मुली धाकटी भावंडं सांभाळत, शेण गोळा करत होत्या. तेव्हा भावाला पाटी मिळाली आणि तिला कडेवर पोर मिळालं. त्याची वसुली आज तिच्या मेंदूतून होते आहे. याला कुणी 'नशीब' म्हणू नये.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये बदलता येण्याजोग्या १४ धोक्यांची यादी दिली. हे सगळे धोके दूर झाले तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. यादी अशी: कमी शिक्षण, बहिरेपण, उपचार न झालेला दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, तंबाखूचं धूम्रपान, अति मद्यपान, नैराश्य, एकाकीपणा, हवेचं प्रदूषण आणि डोक्याला झालेली इजा.

ही यादी बाईच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचा. ऐकू येईना तर घर तिला 'बहिरी' म्हणून हसतं, श्रवणयंत्राचा विषय निघत नाही. मोतीबिंदू पिकला तरी 'आता तिला कुठं वाचायचंय' असं म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्या नवऱ्याच्या महिन्याच्या यादीत असतात, तिच्या 'बरं वाटत नसेल तेव्हा' असतात. तिचं नैराश्य म्हणजे 'कुरकुर'. विधवा झाल्यावर हळदीकुंकवापासून हळूहळू सगळीकडून तिला बाजूला सारलं जातं, त्या एकाकीपणाला आपण 'रीत' म्हणतो.

आणि डोक्याला झालेली इजा? या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. फुटबॉल खेळणारे, मुष्टियोद्धे, सैनिक यांच्या डोक्याला बसणाऱ्या माराचा मेंदूवर पुढे काय परिणाम होतो, यावर जगभर संशोधन झालं आहे. ज्यांची डोकी वर्षानुवर्षं भिंतीवर आपटली गेली त्या बायकांवर त्या मानानं फारच थोडं. आपल्या केंद्रांत तीस-तीस वर्षांच्या फायली आहेत. 'नवऱ्यानं केस धरून उंबऱ्यावर डोकं आपटलं' हे वाक्य त्यांत किती वेळा आलं असेल? त्या बायका आज कुठे आहेत, कशा आहेत? आपण पोटगी मिळवून दिली, घर मिळवून दिलं, ते मोठं काम होतं. पण माराचा हिशेब तिथं संपत नाही, हे आपल्याला कळायला हवं.

शंभरातून सात वजा करा

आता निदान. समजा कुणी बाईला दवाखान्यात नेलंच. जगभर जी तपासणी सर्रास वापरली जाते ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, वाक्य वाचायला आणि लिहायला सांगतात, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला सांगतात. जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिच्या हातात पेन्सिल द्यायची आणि तिला पंचकोन आला नाही म्हणून गुण कापायचे. ही परीक्षा तिच्या आजाराची की तिच्या निरक्षरतेची? उलटही होतं. शिकलेल्या, बोलक्या बाईला पूर्ण गुण मिळतात आणि घरात तिचं काय बिघडलंय ते सुटून जातं.

हे टाळता येत नाही असं नाही. १९९५ साली हरियाणातल्या वल्लभगडच्या खेडुतांसाठी संशोधकांनी हिंदीत वेगळी चाचणी बनवली. वाचता-लिहिता न येणाऱ्या माणसालाही उत्तरं देता येतील अशी तिची रचना केली. वर दिलेल्या देशव्यापी अभ्यासातही ती वापरली गेली. म्हणजे मार्ग माहीत आहे. मराठी बाईला इंग्रजी तारीख विचारू नका. आज वार कोणता, गावचा बाजार कधी, परवा कोणता सण झाला हे विचारा. जात्यावरच्या ओव्या सलग म्हणता येतात का, आमटीची कृती क्रमानं सांगता येते का, शंभराच्या नोटेचे सुटे मोजता येतात का ते पाहा. हे निदान नव्हे, पण संशय घ्यायला पुरेसं आहे.

पुढची पायरी डॉक्टरांची, आणि ती डावलता कामा नये. याचं कारण आपल्या बायकांच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. प्रत्येक विसरणं स्मृतिभ्रंश नसतं. थायरॉइड कमी पडला, बी-१२ जीवनसत्त्व कमी झालं, खोल नैराश्य आलं, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम झाला, पडून डोक्यात रक्त साकळलं, तरी माणूस विसरतं, गोंधळतं. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत आणि वेळेवर झाले तर माणूस सुधारतं. एखादी आजी दोन दिवसांत अचानक बरळायला लागली तर तो 'म्हातारचळ' नव्हे. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी-क्षार कमी होणं, असं काही असू शकतं आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. म्हणून रक्ताच्या साध्या तपासण्या, सगळ्या औषधांची यादी, नैराश्याची चौकशी, गरज पडली तर मेंदूचं सी.टी. किंवा एम.आर.आय. आणि घरच्या माणसाकडून नीट हकिगत घेणं, हे सगळं मिळून निदान होतं. 'वयच झालंय' असं म्हणून हे टाळणाऱ्या डॉक्टरला प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे.

घरच्या माणसाकडून हकिगत, असं मी म्हटलं. दवाखान्यात काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. डॉक्टर मुलाशी बोलतात. मुलगा म्हणतो, 'आई जरा विसरते, बाकी ठीक.' दाराशी पिशवी धरून सून उभी असते. रात्री किती वाजता उठतात, कितीदा कपडे ओले होतात, कधीपासून नातवाला दिराच्या नावानं हाक मारतात, हे सगळं तिला तारखेनिशी माहीत असतं. तिला कुणी विचारत नाही.

'वेडी' ठरवण्याचं जुनं हत्यार

इथं काही मैत्रिणी मला अडवतील. बाईला वेडी ठरवून तिची वासलात लावणं हा जुना डाव आहे, त्यात आपण डॉक्टरी शिक्क्याची भर कशाला घालायची? हा आक्षेप मी हलका मानत नाही. वेडी म्हणून घटस्फोट, वेडी म्हणून माहेरी धाडणं, वेडी म्हणून कोंडून ठेवणं आपण पाहिलं आहे. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा स्त्री संघटनांनीच विचारलं होतं की हा निर्णय त्यांच्या वतीनं कुणी घेतला? तो प्रश्न म्हाताऱ्या बाईलाही लागू आहे. मुलगा डॉक्टरचा कागद पुढे करतो आणि दुसऱ्या हातानं आईचा अंगठा घराच्या कागदावर उठवतो, हेही घडतं. म्हातारी खरोखर उपाशी असते आणि घर सांगतं, 'तिला भ्रम झालाय', हेही घडतं.

म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवायला हवेत. म्हातारीची प्रत्येक तक्रार भ्रम नव्हे, आणि प्रत्येक सून छळणारी नव्हे. घरी जाऊन बघा, शेजारी विचारा, वजन बघा, अंगावरचे वळ बघा, आणि सोबत तपासणीही करून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये काढले. त्यामुळे आता सुनेविरुद्धही अर्ज होऊ शकतो. ते योग्यच आहे. पण यामुळे आपली जबाबदारी वाढते. न तपासता केलेला अर्ज एका बाईला न्याय देत नाही आणि दुसरीला आयुष्यातून उठवतो.

शिक्क्याच्या भीतीवर उत्तर अंधारात राहणं हे नाही, कायदा माहीत असणं हे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी विकल मनाचा ठरत नाही, ते न्यायालयानं ठरवायचं असतं. याच कायद्यानं प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दोन हक्क दिले आहेत. पुढे निर्णय घेता आला नाही तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे आधी लिहून ठेवायचं. आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस आपण स्वतः नेमायचं. ते माणूस मुलगाच असलं पाहिजे असं नाही. लेक चालेल, बहीण चालेल, मैत्रीण चालेल. निदान लवकर झालं तरच हे करता येतं. 'बरा न होणारा आजार, मग निदान कशाला?' असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. आजच्या गोळ्या अल्झायमर बरा करत नाहीत, काहींची लक्षणं काही काळ आटोक्यात ठेवतात. सुरुवातीच्या टप्प्यासाठी नवी इंजेक्शनं निघाली आहेत, ती आजाराची गती थोडी कमी करतात, पण प्रचंड महाग आहेत आणि मेंदूवर सतत नजर ठेवावी लागते. औषध नाही म्हणून बाईचा तिच्या आयुष्यावरचा हक्क आधीच काढून घ्यायचा, हे कुठलं तर्कशास्त्र?

कायद्यात मुलगा, घरात सून

आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात जबाबदारी 'अपत्यां'ची आहे, आणि अपत्यं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. आता कुठल्याही घरात जाऊन बघा, आईला न्हाऊ-माखू कोण घालतं? कायद्यानं ज्याच्यावर जबाबदारी टाकली तो ऑफिसातून येऊन 'आज आई कशी आहे?' विचारतो, आणि लोक त्याला श्रावणबाळ म्हणतात. जिचं नाव कायद्यात नाही ती रात्रीची तिसरी चादर धूत असते.

सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या काळजीतले ७० टक्के तास बायका देतात. आणि बदल्यात काय मिळतं? गोव्यातल्या लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना या अवस्थेची लक्षणं चांगली ओळखीची होती, पण त्यांच्या मते ती आजारामुळे नव्हे, तर घरच्यांनी माया केली नाही, हेळसांड केली म्हणून होतात. म्हणजे जी खस्ता खाते तीच आरोपी. आमच्या केंद्रानं त्या सुनेला हेच केलं.

आणि रुग्ण सूनच असेल, बायकोच असेल तर? नवऱ्याला 'हे बायकी काम' जमत नाही. परित्यक्ता असेल, एकटी असेल तर कुणीच नाही. थोडे पैसे असणाऱ्या घरांत ब्यूरोतून 'मावशी' येते. बारा-बारा तासांची पाळी, ना प्रशिक्षण, ना सुट्टी, ना विमा. तिच्या घरी तिची म्हातारी कोण बघतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. काळजीचं ओझं एका बाईवरून दुसऱ्या, अधिक गरीब बाईवर सरकतं. पुरुषावर आणि सरकारवर ते कधी येतच नाही.

ते येऊ शकतं. गोव्यातच एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गावपातळीवरच्या साध्या माणसांना थोडकं प्रशिक्षण दिलं, वर तज्ज्ञांची देखरेख ठेवली आणि त्यांना रुग्णांच्या घरी पाठवलं. आजार समजावून सांगणं, विचित्र वागण्याला कसं तोंड द्यावं ते दाखवणं, काळजी घेणाऱ्याचं ऐकून घेणं, एवढंच काम. ८१ कुटुंबांच्या या अभ्यासात काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. याला मोठं इस्पितळ लागलं नाही. पण हे वाचून सरकार उद्या हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारेल, याचीही मला खात्री आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवू: काम द्या, पण दामासकट द्या.

काय करायचं?

सरकारकडे आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी स्मृतिभ्रंशाची तपासणी, निरक्षर बायकांना चालेल अशी मराठी चाचणी आणि बी-१२, थायरॉइडच्या तपासण्या मोफत.

२. घरी जाऊन मदत करणाऱ्या, प्रशिक्षित आणि पगारी कार्यकर्त्या.

३. दिवसभराची आधारकेंद्रं. त्यामुळे घरातल्या बाईला कामावर जाता येईल, निदान चार तास झोपता येईल.

४. काळजी घेण्याच्या कामाला भत्ता आणि नोकरदारांना त्यासाठी रजा, मुलग्यांनाही. ब्यूरोतल्या मावश्यांना किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि विमा.

आणि सरकार हलेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. प्रत्येक समुपदेशन केंद्राच्या अर्जात साठीपुढच्या बाईसाठी चार प्रश्न वाढवा: विसरणं कधीपासून, अचानक की हळूहळू, रोजचं कोणतं काम अडतं, डोक्याला कधी मार लागला होता का. बचत गटाच्या बैठकीत रक्तदाब आणि साखर मोजा. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी आठवड्यातून एकदा कुणीतरी जा. आणि घरातल्या पुरुषांना चादर बदलायला शिकवा, त्याला पदवी लागत नाही.

आपली चळवळ उभी राहिली तेव्हा ज्या तिशीत होत्या, त्या आज सत्तरीत आहेत. ज्यांनी मोर्चात घोषणा दिल्या त्यांच्यातल्या काहींना उद्या स्वतःचं नाव आठवणार नाही. तेव्हा त्यांच्या हाताशी कोण बसणार, हे आज ठरवायला हवं. 'त्यांच्या सुना बघतील' हे उत्तर आपल्या तोंडी शोभत नाही.

त्या आजी गेल्या वर्षी वारल्या. शेवटी शेवटी त्या सुनेला 'आई' म्हणत असत. सुनेला विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, "आधी झोपणार, ताई." मग म्हणाली, "तुमच्या केंद्रात अशी कुणी आली तर मला बोलवा. मी सांगीन तिला." गेल्या महिन्यापासून ती दर बुधवारी येते. तिच्या मानधनासाठी आम्ही तीन ठिकाणी अर्ज केले आहेत, तिन्हीकडून अजून उत्तर नाही.

तुमच्या केंद्राच्या फायलींतही असं एखादं हमीपत्र असेल. शोधा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा.